भिंतीवरची रेषा नकाशावर कधी येणार?

चाळीसगावला मामांच्या ओसरीत भिंतीवर एक मातकट रेषा आहे. ३० ऑगस्ट २०२१ ला रात्री डोंगरावर पाऊस कोसळला, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्या एकदम चढल्या, कन्नड घाटात दरडी पडून रस्ता बंद झाला. पहाटे गल्लीत कोणीतरी ओरडलं, "पानी उनं रे भाऊ!" आणि तेव्हा पाणी उंबऱ्याच्या आत आलेलं होतं. त्यानंतर घराला रंग दिला, पण मामीने तेवढी पट्टी कोरी ठेवायला लावली.

मी जर्मनीत बॉनला राहते. त्याच वर्षी, त्याआधी सहा-सात आठवडे, १४ जुलैच्या रात्री आमच्या दक्षिणेला तासाभराच्या आत असलेल्या आर नदीच्या खोऱ्यात असाच लोंढा आला. एकट्या त्या खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. मोठ्या पावसाचे इशारे आधी दिलेले होते, पुराचे अधिकृत नकाशेही होते. पण ते नकाशे मुख्यतः दुसऱ्या महायुद्धानंतरच्या नोंदींवर बेतलेले होते. १८०४ आणि १९१० चे महापूर त्या हिशेबात नव्हते, त्यामुळे नदी कुठवर येऊ शकते ते नकाशांनी कमी दाखवलं. इशारा वेळेत घराघरांत पोचला नाही, हे दुसरं दुखणं.

हे सगळं आठवायचं कारण घरी चाललेला वाद. मामेबहिणीचा मुलगा बी.एस्सी. झाला. त्याला भूगोलात, जिओइन्फर्मेटिक्समध्ये (म्हणजे संगणकावर नकाशे आणि जागांची माहिती हाताळण्यात) पुढे शिकायचंय, तेही आपत्ती व्यवस्थापनासाठी. घरच्या ग्रुपवर एक पक्ष म्हणतो, भूगोल घेऊन काय करणार, शेवटी तलाठ्याचीच परीक्षा देणार ना? दुसरा म्हणतो, असला कोर्स खान्देशात चालायचा तर आधी मोठी लॅब आणि महागडं सॉफ्टवेअर पाहिजे. तिसऱ्याचं म्हणणं, शिकायचंच तर बाहेर जा, मावशी आहेच तिकडे. मला मत विचारलं, म्हणून लिहिते.

लॅबचा मुद्दा मला पटत नाही. नकाशे बनवायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. युरोपच्या सेंटिनेल उपग्रहांची छायाचित्रं फुकट आहेत, आणि त्यातल्या सेंटिनेल-१ चं रडार ढगांतूनही जमीन बघतं. डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था १९६६ पासून हेच शिकवते आहे, तिचे कितीतरी ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने नकाशे बनवण्यावरची बरीचशी बंधनंही उठवली. जळगावच्या मुलाला जे साधन लागतं ते बॉनच्या मुलाला लागतं तेच आहे, आणि दोघांनाही एकाच किमतीत मिळतं.

पण उपग्रहाकडून भलत्या अपेक्षाही नकोत. सेंटिनेल-१ त्याच जागेवरून सहा किंवा बारा दिवसांनी फिरतो. तापीवरच्या हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले आणि तापीकाठी दोन-तीन दिवस पाणी पसरलं, तर ते त्याला सापडू शकतं. तितूरचं पाणी रात्री चढतं आणि दुपारपर्यंत उतरतं. दुसऱ्या दिवशीच्या चित्रात चिखलच दिसेल. अशा नदीसाठी वेगळंच लागतं: सातमाळा डोंगराच्या उतारावर किती पर्जन्यमापकं आहेत, कुठल्या फरशीच्या, म्हणजे बुटक्या पुलाच्या, मोऱ्या बुजल्यात, कुठला नाला प्लॉट पाडताना गिळला, कुठल्या गल्लीची उंची किती. हे पायी फिरूनच कळतं.

म्हणून माझं म्हणणं असं. खान्देशात हा अभ्यासक्रम व्हावाच, पण प्रत्येक विद्यार्थ्याला दोन वर्षं एकच नदी द्यावी. पांझरा, गोमाई, वाघूर, तितूर, जी घरापासून जवळ असेल ती. पहिल्या पावसाळ्यात त्याने काठावरच्या घरांत जावं, म्हाताऱ्या माणसांशी अहिराणीत बोलावं, पाणी कुठल्या पायरीवर आलं होतं ते विचारावं आणि त्या पायरीची उंची मोजून घ्यावी. आर खोऱ्याच्या नकाशात १८०४ आणि १९१० राहून गेले. आपल्याकडे अशा आठवणी अजून जिवंत माणसांकडे आहेत. आणखी दहा-वीस वर्षांनी त्या विचारायला कोणी उरणार नाही.

पंचनाम्यांकडेही बघा. पूर ओसरला की तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक गावोगाव फिरतात. कुठल्या गटात पीक गेलं, कुठलं घर पडलं, किती जनावरं दगावली, सगळं गटनंबरासकट लिहिलं जातं. भरपाई वाटली की ते कागद कपाटात जातात. तेच नकाशावर चढवले तर २०२१ चं पाणी कुठवर आलं होतं ते शेताच्या बांधापर्यंत दाखवता येईल. जलसंपदा खात्याच्या पूरनकाशातली निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. त्या रेषा बरोबर आहेत का, हे पंचनाम्यांशी ताडून बघता येईल. एम.एस्सी.च्या प्रबंधाला याहून चांगला विषय मला सुचत नाही.

राहिला नोकरीचा प्रश्न, आणि त्यात घरच्यांची भीती खरी आहे. इकडे जर्मनीत हे शिकलेल्या माणसाला पालिकेत, पाणी खात्यात, विमा कंपनीत जागा असते. आपल्याकडे तहसीलच्या आपत्ती कक्षात नकाशा वाचणारा कायमचा माणूस नसेल, तर पदवीधर पुण्याला जाऊन कुठल्यातरी कंपनीसाठी परदेशातले रस्ते रेखाटत बसेल. तालुक्याला एक असं पद निघावं, ही मागणी अभ्यासक्रमाच्या मागणीबरोबरच झाली पाहिजे. आणि समजा तो खरोखर तलाठीच झाला, तर? पूररेषा कळणारा तलाठी गावाला मिळाला तर मला आनंदच होईल.

भाच्याला मी बॉनला बोलावलेलं नाही. डिसेंबरात मी येतेय. तोवर त्याला कॉलेजातून उंची मोजायचं यंत्र मागून ठेवायला सांगितलंय. सुरुवात मामांच्या ओसरीपासून करू. मामी म्हणाली, शेजारच्या तीन घरांतही रेषा आहेत, फक्त त्यांनी वरून रंग दिलाय, पण कुठे होत्या ते ती दाखवेल.