खरेदीची यादी बाजूला ठेवा, आधी नळ बघा

घर सोयीचं करायचं ठरलं की पहिली तयार होते ती खरेदीची यादी. माझं मत स्पष्ट आहे: रोज हाताला जे अडतं, ते आधी नीट करा. बहुतेक कामं पाना, स्क्रू ड्रायव्हर आणि तासाभराच्या वेळात होतात.

ठिबकणाऱ्या नळाखाली तासभर भांडं ठेवा, जमलेलं पाणी मोजा आणि 24 ने गुणा. तो आकडा पाहिल्यावर दुरुस्ती पुढे ढकलवत नाही. बरेच फेरे घेणारा जुना नळ असेल तर दोष बहुधा आतल्या रबरी वॉशरचा. ठिबकतोय म्हणून लोक तो आणखी आवळतात, त्याने वॉशर चेपतो, चिरतो आणि गळती वाढते. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळात बहुतेक वेळा सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात. पाइपच्या कामानंतर वाळूचा कण आत गेला की त्यांवर चरे पडतात, मग आतला स्पिंडल, म्हणजे मुठीबरोबर फिरणारा भागच, बदलावा लागतो. जुना स्पिंडल दुकानात सोबत न्याच. लांबी आणि दाते जुळले नाहीत तर नवा बसत नाही. खोलण्याआधी व्हॉल्व्ह बंद करा, उरलेलं पाणी सोडून द्या आणि बेसिनच्या जाळीवर फडकं टाका. निसटलेला स्क्रू हमखास तिथेच जातो.

जोड गळू नये म्हणून आट्यांवर गुंडाळायची टेफ्लॉन टेप आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून गुंडाळा. उलटी गुंडाळली तर फिटिंग आवळताना ती सुटत जाते. पुन्हा गळण्याचं हे फार नेहमीचं कारण आहे.

धार बारीक झाली असेल तर नळाच्या तोंडाची जाळी काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवा आणि जुन्या टूथब्रशने घासा. बसवताना रबरी रिंग विसरू नका.

दार करकरलं की खाण्याचं तेल सोडू नका, ते चिकट होऊन धूळ धरतं. बिजागरीची पिन काढा, पुसा, पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या. लाकडातला स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोकात सुतारी गोंद लावलेल्या, गूल काढलेल्या काडेपेटीच्या काड्या ठोका, पूर्ण वाळू द्या, मग स्क्रू पिळा.

ओट्यावर स्वतःची सावली पडते, कारण दिवा पाठीमागे असतो. जास्त वॉटचा बल्ब लावून ती हटत नाही. वरच्या कपाटाखाली, पुढच्या कडेला एलईडी पट्टी लावा, शेगडीच्या वाफेपासून दूर. चिकटवण्याआधी तेलकटपणा साफ पुसला नाही तर ती सुटणारच.

आणि एक सवय लावून घ्याच: मुख्य व्हॉल्व्ह दर दोन-तीन महिन्यांनी पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. वर्षानुवर्षं न हललेला व्हॉल्व्ह क्षारांनी जाम होतो आणि पाइप फुटतो तेव्हा तो फिरत नाही. तो कुठे आहे, कुठल्या बाजूला फिरतो, हे घरातल्या मुलांनाही दाखवून ठेवा.