तारीख बोला

आवडता कलावंत सवाई गंधर्व महोत्सवात गाणारा असला की पुणेकराचं बरं असतं. १९५३ पासूनची वहिवाट आहे. डिसेंबर आला की तिकीट काढायचं, शाल घ्यायची, बैठकीवर जागा धरायची आणि शेजारच्याला "धैवत ऐकलात का?" म्हणून छळायचं. माझा कलावंत मात्र कुणाचं तरी लग्न ठरल्याशिवाय वाजवतच नाही.

तो बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. गिटारवाला बँड नव्हे. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर आणि खाली साध्या चपला, असा वरातीचा बँड. प्रभात, दरबार ही नावं साऱ्या शहराला पाठ आहेत. आमच्या बँडचं दुकान पेठेतल्या एका बोळात, तेही जिन्याखाली. नाव सांगणार नाही. आज सांगितलं की उद्या कुणीतरी रील काढणार, परवा सुपारी महागणार आणि तेरवा माझाच साडू मला विचारणार, "हा बँड ऐकलायस की नाही?"

टिळक रोडवर त्यांच्या वरातीमागे माझी स्कूटर अडकली होती. पुढे नवरदेवाचा मित्र दातात रुमाल धरून रस्त्यावर लोळत होता, म्हणजे नागीण चालू होती. ती संपताच क्लॅरोनेटवाल्याने एक लांबलचक तान घेतली आणि तो थेट १९११ सालच्या ‘मानापमान’ नाटकातल्या पदावर उतरला. समेवर मी "क्या बात है!" ओरडलो. मागचा पीएमपी बसचा ड्रायव्हर म्हणाला, "मला म्हणालात?" पद दोन ओळीच टिकलं, कारण लोळणाऱ्याला पुन्हा नागीण हवी होती.

तेव्हापासून माझे हाल सुरू झाले. चातुर्मासात मुहूर्त नसतात. गणपतीत ते वाजवतात, पण लक्ष्मी रोडवर मागेपुढे ढोल-ताशा असला की क्लॅरोनेटवाल्याचे फुगलेले गाल तेवढे दिसतात. म्हणून तुळशीचं लग्न लागलं की मी पंचांग घेऊन बसतो. बायको म्हणते, "अहो, घरात लग्नाचं कुणी नाही!" हेच तर दुखणं आहे.

मग परक्यांच्या वराती. नवरदेवाकडचे मला मुलीकडचा समजतात, मुलीकडचे नवरदेवाकडचा. एकदा तर फेटा बांधून माझ्याकडे घोड्याचा लगाम दिला. घोडा सगळ्यात पुढे आणि बँड त्याच्याही पुढे, त्यामुळे जागा उत्तम होती. मी काही बोललो नाही. वाजवण्याआधी क्लॅरोनेटवाला मास्तर चुन्याच्या रिकाम्या डबीतून रीड, म्हणजे वाद्याच्या तोंडाशी लावायची पातळ पट्टी, काढतो, जिभेवर धरून भिजवतो आणि तोवर कुणाशी अवाक्षर बोलत नाही. हे मी तिथून, हातभर अंतरावरून पाहिलंय.

भाच्याचं जमलं तेव्हा घरात सगळ्यात आधी होकार मी दिला. मुलीचं नावही नीट ऐकून घेतलं नव्हतं.

"मामा, आम्ही रजिस्टर करतोय," तो म्हणाला.

"करा की. रजिस्ट्रारच्या ऑफिसापर्यंत वरात काढू."

"मामा, तिथे पार्किंग पण नाहीये."

या पिढीला संगीताची चाड नाही. पण मुंजीतही भिक्षावळीला बँड लागतो, हे मला परवा आंघोळ करताना आठवलं. खालच्या मजल्यावरच्या जोशांचा नातू आठवीत... म्हणजे आठव्या वर्षात आहे. शास्त्राला अगदी धरून. मी जोशीकाकूंना म्हटलं, "बँडचा खर्च माझा." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. नातवाला मात्र सायकलचं आमिष पुरलंय.

लगेच मास्तरला फोन लावला.

"तारीख बोला, साहेब."

"मे महिना धरून ठेवा."

"सगळा? मुंज कुणाची आहे?"

"ते तुम्ही सोडा. नागीण वाजवायची नाही, एवढं लिहून घ्या."