खुलासा : जोर लावल्याने कुलूप उघडत नाही

‘टेन्शन टूल जितकं जोरात दाबाल, तितकं कुलूप लवकर उघडतं,’ हा सल्ला लॉक पिकिंगचा, म्हणजे किल्लीशिवाय कुलूप उघडण्याचा, छंद नव्याने लागलेल्यांमध्ये सर्रास फिरतोय. (टेन्शन टूल म्हणजे कुलपाला पीळ देणारी वाकडी पट्टी.) तो चुकीचा आहे, आणि कित्येक नवशिके याच्याच नादी लागून हात टेकतात.

लायनस येल धाकटे यांनी १८६० च्या दशकात रूढ केलेल्या पिन टम्बलर कुलपात प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि वर स्प्रिंग असते. ही भोकं कितीही नेटकी पाडली तरी तंतोतंत एका रेषेत येत नाहीत. म्हणून सिलिंडरला (किल्लीबरोबर फिरणाऱ्या आतल्या भागाला) टेन्शन टूलने हलकासा पीळ दिला, की एखादीच पिन आधी अडकते. ती पिकने, म्हणजे बारीक आकड्याने, शोधायची आणि सावकाश वर ढकलायची. दोन पिनांमधला सांधा सिलिंडरच्या कडेला आला, की बारीकसं ‘टक्’ होतं, सिलिंडर किंचित सरकतो आणि दुसरी पिन अडकते. सगळी गंमत या ‘टक्’मध्ये आहे! जास्त जोर लावला तर अनेक पिना एकदम आवळल्या जातात आणि बोटांना काहीच कळेनासं होतं. वर पिक वाकतो तो वेगळाच.

काही कुलपांत मधोमध बारीक केलेल्या, रिळासारख्या स्पूल पिना असतात. तिथे सिलिंडर बराच फिरतो आणि अडतो. अशा वेळी पीळ सैल करून त्याला थोडं मागे येऊ द्यावं लागतं. जोर वाढवला तर पिन तिथेच रुतून बसते.

सराव मात्र स्वतःच्या आणि वापरात नसलेल्या कुलपावरच करा. आतल्या पिना-स्प्रिंगा बिघडू शकतात.