२७०० सालची मराठी विट्यातून सुरू व्हावी

भविष्यातल्या समाजांवर मराठीत लिहिणाऱ्या मित्रमैत्रिणींना एक कळकळीची विनंती आहे. तुमची वस्ती चंद्रावर असू दे नाहीतर समुद्राखाली, तिथली माणसं आजच्या वर्तमानपत्रातलं मराठी बोलतात, हे मला फार खटकतं. यानाला, यंत्राला, शस्त्राला चार भारदस्त संस्कृत नावं दिली की भाषा भविष्यातली झाली, असं आपण धरून चालतो. ज्ञानेश्वरी १२९० ची. सातशे वर्षांतच ती वाचायला आपल्याला शेजारी अर्थ लागतो. मग २७०० सालची मुलगी आकाशवाणीच्या बातम्यांसारखी कशी बोलेल?

वरून शब्द घडवले की काय होतं, याचा मोठा दाखला आपल्याच इतिहासात आहे. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला, फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. सुरनिस या अधिकाऱ्याचा सचिव झाला आणि तो शब्द आजही मंत्रालयात आहे. पण दुकान, वकील, जमीन, हजर जागचे हलले नाहीत. कथेतल्या कुठल्याही भावी राज्यातही असंच होणार. सरकारी कागदावर एक शब्द असेल, लोकांच्या तोंडी दुसरा. या दोन्हींतल्या अंतरातच केवढी गोष्ट दडलेली असते!

आता आमच्या सांगलीचं. इकडे कितीतरी बायका-पोरी सहज ‘मी आलो’, ‘मी जातो’ म्हणतात. पुण्यात गेल्या की त्यांना दुरुस्त केलं जातं, आणि मला त्याचा मनापासून राग येतो. स्वतःबद्दल बोलताना क्रियापदात स्त्री-पुरुष भेद नसलेली मराठी कशी असेल, हे लेखकाने कल्पनेने शोधायला नको. मिरजेच्या स्टँडवर तासभर बसावं. तिथेच ‘काय कराय लागलायस?’ ऐकू येईल. ‘करायला लागला आहेस’ हे तीन शब्द बोलण्याच्या ओघात इतके आवळले गेलेत. अजून दोन-तीनशे वर्षांनी ते किती आवळतील, याचा अंदाज बांधता येतो.

आणि गलाईवाले! विटा, खानापूर, आटपाडी हा सांगली जिल्ह्यातला दुष्काळी पट्टा. इथली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी तामिळनाडू, केरळपासून पार बंगालपर्यंत पसरली. घरात माणदेशी मराठी, दुकानात तिथली भाषा, पोरांच्या शाळेत इंग्रजी. दूरच्या ग्रहावर वसाहत करणारी माणसं भाषेच्या दृष्टीने याहून वेगळी काय असणार? कामाचे शब्द शेजाऱ्याकडून येतील, नात्याचे शब्द घरातले राहतील, आणि गावाकडे कधीच जुने झालेले काही शब्द तिकडे मात्र जिवंत राहतील. तंजावरला हे घडून गेलेलं आहे. बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास १८०३ साली मराठीत कोरला गेला, आणि तिथली मराठी आपल्यापासून दूर, तमिळच्या शेजारात, आपल्या वाटेने वाढली.

मी स्वतः एक वाक्य घडवून पाहिलं. विट्याहून तमिळ मुलुखात आणि तिथून चंद्रावर गेलेल्या घरातली मुलगी म्हणते: ‘आक्का, मी पट्टऱ्याला जाल्लो.’ तमिळमध्ये पट्टरै म्हणजे कारखाना, त्याला आपला ‘ला’ लागला. ‘जाय लागलोय’ आवळून ‘जाल्लो’ झालं. मुलगी असून ‘लो’, कारण सांगलीकडे ते आजच आहे. आक्का आपण कन्नडकडून केव्हाच घेतलेली. परका शब्द आत आला तरी प्रत्यय मराठीच राहतो, हे माझं यातलं मुख्य सूत्र आहे. जुन्या व्यापाऱ्यांची नंदभाषा, म्हणजे गिऱ्हाइकाला कळू नये म्हणून वापरायची आकड्यांची गुप्त बोली, तशीच होती: तीनला उधानू, पाचला मुळू, दहाला अंगुळू, पण बाकीचं वाक्य सरळ मराठी.

‘द एक्स्पान्स’ या मालिकेत लघुग्रहांवरच्या कामगारांची बोली निक फार्मर या भाषातज्ज्ञाने बांधली. ते कामगार बोलताना हात फार हलवतात, कारण अंतराळपोशाखात आवाज पोचत नाही. मला हे फार आवडतं. जगण्याची अडचण आधी, शब्द नंतर. आपल्याकडेही बाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरत होतेच की.

आणखी एक. भाषा मुलं घडवतात, समित्या नाही. निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून कर्णबधिर मुलं शाळांमध्ये एकत्र येऊ लागली आणि त्यांनी स्वतःची खुणांची भाषा उभी केली. त्यांच्या मागून आलेल्या लहानग्यांनी तिचं व्याकरण पक्कं केलं. तेव्हा वसाहतीतलं खेळायचं मैदान आधी लिहा, मंत्रिमंडळ मागाहून.

आणि कृपा करून तळटिपा देऊ नका. मराठी वाचक संदर्भाने अर्थ लावतो, त्याच्यावर भरवसा ठेवा.

गलाईच्या निमित्ताने बाहेर वाढलेलं कोणी हे वाचत असेल, तर तुमच्या घरात कुठले परके शब्द मराठी प्रत्यय लावून फिरतात ते खाली जरूर लिहा. कोणतं गाव सोडलं आणि कुठे वाढलात, तेही लिहा. मला ते कथेसाठी हवे आहेत.