अंतराळात कान बंद पडत नाही

अंतराळवीरांचे तरंगतानाचे व्हिडिओ फिरतात, तसा त्यांच्यासोबत एक मजकूरही फिरतो. त्याचा सारांश असा: तिथे गुरुत्वाकर्षण नसतं, म्हणून कानातला तोल सांभाळणारा अवयव बंद पडतो, मग माणूस निव्वळ डोळ्यांच्या भरवशावर राहतो, मळमळ ही कान बंद पडल्याची खूण, परतल्यावर पाय लटपटतात ते स्नायू झिजल्यामुळे, आणि यान गोल फिरवलं की सगळे प्रश्न मिटतील. प्रत्येक विधानात थोडं तथ्य आहे, त्यामुळे ते पटतं. म्हणून एकेक तपासू.

"तिथे गुरुत्वाकर्षण नसतं." आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे 400 किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ 89 टक्के असते. स्थानक आणि आतला माणूस दोघंही सारखेच पडत असतात, इतकंच. कानाच्या दृष्टीने हा फरक फार मोलाचा आहे, कारण कानाला ओढ कधीच थेट कळत नाही. जमीन किंवा खुर्ची आपल्याला खालून वर रेटते, तो रेटा त्याला कळतो. मुक्तपतनात हा रेटा नाहीसा होतो, ओढ तशीच राहते.

"तोलाचा अवयव बंद पडतो." सगळ्यात मोठी चूक इथे आहे. प्रत्येक आंतरकर्णात तोलाची पाच ज्ञानेंद्रियं असतात: तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि युट्रिकल व सॅक्युल या दोन पिशव्या. डोकं वळायला लागलं की नलिकेतला द्रव मागे रेंगाळतो आणि आतला लवचिक पडदा वाकवतो. पडदा आणि द्रव यांची घनता जवळपास सारखी असल्यामुळे गुरुत्वाकर्षण त्या पडद्याला हलवू शकत नाही. (मद्य प्यायल्यावर आडवं पडताच खोली फिरते ती याच कारणाने: मद्य आधी पडद्यात शिरतं, तो द्रवापेक्षा हलका होतो आणि काही काळ गुरुत्वाकर्षणाला दाद देऊ लागतो.) म्हणजे नलिकांचं काम कक्षेतही चालूच राहतं.

याचा एक सुंदर पुरावा 1983 मध्ये स्पेसलॅब-1 या अंतराळ मोहिमेत मिळाला. कानात कोमट किंवा गार हवा-पाणी सोडलं की बुबुळं लयीत सरकू लागतात. कानाचे डॉक्टर रॉबर्ट बाराणी यांचं स्पष्टीकरण असं होतं की तापलेला द्रव हलका होऊन वर चढतो. आंतरकर्णावरच्या कामासाठी त्यांना 1914 चं नोबेल मिळालं. हेच एकमेव कारण असेल, तर वजनरहित अवस्थेत, जिथे हलका द्रव वर चढत नाही, बुबुळं स्थिर राहायला हवी होती. ती हलली. केवळ तापलेला द्रव वर चढण्याने हा परिणाम समजावता येत नाही हे त्यातून ठरलं, आणि नलिका तिथे जाग्या असतात हेही.

बदलतं ते पिशव्यांचं. त्यांत रोमपेशींवर (केसासारखे रोम असलेल्या संवेदनपेशींवर) जेलीसारखा थर आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक असतात. ते द्रवापेक्षा बरेच जड असल्यामुळे जमिनीवर मान कलली की घसरतात आणि रोम वाकवतात. मुक्तपतनात मान कितीही कलवून धरा, ते घसरत नाहीत. पण भिंतीला पाय लावून रेटा दिलात, तर लगेच घसरतात. मेंदूने "स्फटिक घसरले म्हणजे डोकं कललं" असा अर्थ आयुष्यभर लावलेला असतो. तो अर्थ तिथे चुकतो.

"निव्वळ डोळ्यांच्या भरवशावर." डोळ्यांचं वजन वाढतं, हे खरं. समोर एखादा सहकारी उलटा तरंगताना दिसला, तर क्षणात छताची जमीन झाल्यासारखं वाटू शकतं. पण कानाचं म्हणणं मेंदू फेकून देत नाही. 1998 च्या न्यूरोलॅब या अंतराळ मोहिमेत चार अंतराळवीरांना अंधारात गोल फिरणाऱ्या अपकेंद्री खुर्चीत बसवून एका कानाकडून दुसऱ्या कानाच्या दिशेने 1 जी, म्हणजे जमिनीवरच्या गुरुत्वाकर्षणाइतकं, त्वरण दिलं. सरकल्याचा भास कुणालाच झाला नाही, झाला तो कुशीवर कलल्याचा: सुरुवातीला सुमारे 45 अंश, 16 दिवसांच्या अखेरीस जवळपास 90 अंश.

"मळमळ ही कान बंद पडल्याची खूण." मळमळ होते ती कान बोलतो म्हणूनच. सुमारे दोनतृतीयांश जणांना पहिले दोन-तीन दिवस हा त्रास होतो आणि तो मुख्यतः डोकं हलवल्यावर, विशेषतः मान वर-खाली केल्यावर वाढतो. नलिका सांगतात "वळलो", पिशव्यांकडून त्याला दुजोरा येत नाही. पहिली नोंद 1961 मधली, व्होस्तोक-2 च्या गेरमान तितोव्ह यांची. अरुंद जेमिनी यानांत तक्रारी कमी होत्या. तिथे डोकं फिरवायला जागाच नव्हती. उपायही त्यातूनच निघतो: मान आणि धड एकत्र वळवा, पाय कशाला तरी टेकवून तळव्यांना दाब मिळू द्या, लागलंच तर प्रोमेथाझिन हे मळमळीवरचं औषध.

"परतल्यावर लटपट स्नायूंमुळे." स्नायूंचा वाटा आहे, उभं राहताच उतरणाऱ्या रक्तदाबाचाही आहे. पण आठवड्या-दोन आठवड्यांच्या मोहिमेवरून आलेलेही डोळे मिटले, मान कलवली की डगमगतात. न्यूरोलॅबवर नेलेल्या टोडफिश माशांच्या युट्रिकलमधल्या चेतातंतूंची संवेदनशीलता उतरल्यावर पहिल्या दिवशी सरासरी तिपटीपर्यंत वाढलेली आढळली. साधारण 30 तासांत ती पूर्ववत झाली. म्हणजे ज्याला बंद पडलेला म्हणतात, तो अवयव उलट जास्त तिखट होऊन परततो.

"यान गोल फिरवलं की मिटलं." हिशोब करून पाहा. मिनिटाला 2 फेऱ्यांत 1 जी हवं तर त्रिज्या सुमारे 224 मीटर लागते. 4 फेऱ्या केल्या तर 56 मीटर पुरतात, पण फिरणाऱ्या खोलीत मान फिरण्याच्या प्रतलाबाहेर कलवली की दोन नलिकांचे संदेश एकमेकांत मिसळतात आणि आपण भलत्याच अक्षाभोवती कोलांटतोय असं वाटतं. नलिकांचा हा गोंधळ कृत्रिम गुरुत्वाकर्षणाने मिटत नाही. वेग टप्प्याटप्प्याने वाढवत, प्रत्येक टप्प्यावर मुद्दाम मान हलवत राहिलं, तर माणसं मिनिटाला 10 फेऱ्यांपर्यंतही सरावतात. मात्र खोली थांबवली की तीच मानेची हालचाल उलट दिशेचा भास देते, आणि तो जाईपर्यंत पुन्हा तितक्याच सावकाश मान हलवत राहावं लागतं.