रस्त्याकडेचं लँकेस्टर

इंग्लंडमध्ये न्यूअर्कहून लिंकनला निघालं की ए४६ महामार्गावर नॉर्टन डिस्नी गावापाशी एक विमान दिसतं. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश लँकेस्टर बॉम्बरचं पूर्ण आकाराचं शिल्प. गंजाच्या रंगाचं पोलाद, पंखांचा पसारा तब्बल ३१ मीटर.

आमच्या मराठी ग्रुपवर फोटो टाकला, तर एका मित्राने विचारलं, "शहरं जाळणाऱ्या विमानाचं कसलं स्मारक?" प्रश्न रास्त आहे. जुलै १९४३ मध्ये अशा विमानांच्या हल्ल्यांत जर्मनीतल्या हॅम्बर्गला हजारो साधी माणसं, लेकरंबाळं आगीत मेली. ते कुणी विसरू नये. तरीही मला हे शिल्प हवंच आहे.

विमानात सात जण असत. शेपटीतला तोफची एकटा, सात-आठ तास, हाडं गोठवणाऱ्या थंडीत. जागा इतकी कमी की पॅराशूटसुद्धा त्याच्या बंदुकांच्या फिरत्या बुरुजाबाहेर ठेवलेलं. विमान पेटलं तर आधी मागे वळून ते काढायचं, मग उडी! सगळे स्वेच्छेने आलेले, सरासरी वय २२-२३. बॉम्बर कमांड म्हणजे ब्रिटिश हवाई दलाची बॉम्बहल्ले करणारी शाखा. तिच्या विमानांतून उडणाऱ्या सव्वा लाख सैनिकांपैकी ५५,५७३ परतले नाहीत. शंभरातले चव्वेचाळीस. आणि लंडनमध्ये त्यांचं स्मारक व्हायला २०१२ उजाडलं! हल्ल्यांचे हुकूम देणारे वेगळे होते. अवघडलेपणाचं ओझं मात्र या पोरांच्या आठवणीवर टाकलं गेलं, असं मला ठामपणे वाटतं.

बॉम्बर कमांडमध्ये आपलाही माणूस होता. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर, लँकेस्टरवरचे नॅव्हिगेटर, डीएफसी (डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस) हे शौर्यपदक मिळवलेले. आपल्यापैकी कितीजणांनी हे नाव ऐकलंय?

संग्रहालयात आवड असलेलाच जातो. रस्त्यावरून मात्र ट्रकवाला, कामावर निघालेली नर्स, मागच्या सीटवरची पोरं, सगळेच जातात. म्हणून जागा अगदी योग्य निवडली आहे. फक्त एक खंत आहे: विमान दिसतं, माणसं दिसत नाहीत.

त्यासाठी पुढे लिंकनला कॅनविक हिलवरच्या आंतरराष्ट्रीय बॉम्बर कमांड केंद्रात जायला हवं. तिथला मनोरा लँकेस्टरच्या पंखांइतकाच, ३१ मीटर उंच, आणि भोवतीच्या पोलादी भिंतींवर बॉम्बर कमांडच्या मृतांची, जमिनीवर काम करणारेही धरून, जवळपास ५८,००० नावं. एका आडनावाचे कितीतरी जण ओळीने येतात, तिथे पाय अडखळतात. याच केंद्राने जर्मनी आणि इटलीत ज्यांच्या डोक्यावर बॉम्ब पडले, त्या नागरिकांच्या आठवणीही जपून ठेवल्या आहेत.

मित्राला सांगितलंय, ईस्टरच्या सुट्टीत ये. आधी रस्त्याकडेचं विमान पाहू, मग त्या भिंतींपाशी जाऊ. नावं मोठ्याने वाचायची आहेत, जमतील तेवढी.