आधी पुस्तकं की आधी संगणक? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी संगणकावर घ्या, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. 'निम्म्या पुस्तकांची शिवण उसवली आहे, नवीन घ्यायला पैसे नाहीत आणि तुम्ही संगणक आणायला सांगता. तो बंद पडला की धूळ खात पडतो, पुस्तकाचं तसं होत नाही. आणि नोंदी करणार कोण?' असं तुम्ही लिहिलंत. तुमची चीड मला कळते. झाकून ठेवलेले बंद संगणक मीही पाहिलेत. पण पुस्तकंही धूळ खात पडतात, कपाटाआड असल्यानं दिसत नाहीत इतकंच.

सहावीतली एक मुलगी विचारायला आली होती, कोळी जाळं कसं विणतो? दाखल नोंदवहीत पुस्तकं आली त्या क्रमानं लिहिलेली असतात, विषयावरून तिथं काही सापडत नाही. मला आठवलं तर पुस्तक आहे, नाही तर नाही. त्या दिवशी आठवलं नाही. दोन महिन्यांनी यादी संगणकावर चढवताना ते सापडलं, अगदी वरच्या फळीवर, पानं एकमेकांना चिकटलेली. तिला बोलावून दिलं, तर म्हणाली, 'बाई, तो प्रकल्प कधीच झाला.'

यादी जिथं ग्रंथपालाच्या डोक्यात असते, तिथं ग्रंथपाल बदलला की निम्मं ग्रंथालय हरवतं. मी संगणक म्हणते तो एवढ्यासाठीच, आणि त्याला नवं यंत्र लागत नाही. कार्यालयातून काढून टाकलेला, एक्सेल उघडणारा संगणक पुरतो.

नोंदी कोण करणार, हा तुमचा प्रश्न मात्र अगदी वर्मावर बोट ठेवणारा आहे. दाखल क्रमांक, नाव, लेखक, विषय, कपाट असे पाचच रकाने ठेवले आणि पुस्तकामागे एक मिनिट धरलं, तर ३००० पुस्तकांना ५० तास लागतात. प्रकाशक, पानं, किंमत असं सगळं भरायला गेलात आणि पाच मिनिटं लागली, तर २५० तास. अशी कामं अर्ध्यावर सुटतात. बारकोड स्कॅनरच्या मागेही लागू नका. जुन्या पुस्तकांवर बारकोडच नसतो, ती हातानंच चढवावी लागतात.

ग्रंथालयाचा कारभार सांभाळणाऱ्या 'कोहा' या सॉफ्टवेअरबद्दलही विचारलंत. ते मोफत आहे आणि एका सार्वजनिक ग्रंथालयाच्या अडचणीतूनच जन्मलं. न्यूझीलंडमधल्या होरोव्हेनुआ लायब्ररी ट्रस्टची जुनी प्रणाली २००० सालच्या तारखा पेलणारी नव्हती, म्हणून त्यांनी नवी बनवून घेतली, जानेवारी २००० मध्ये वापरात आणली आणि सर्वांना खुली केली. मला याचं फार अप्रूप आहे. तरी ती बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो. तो नसेल तर एक्सेलवरच थांबा, त्यात काही कमीपणा नाही.

एक चूक मात्र माझीच. मागच्या लेखात बॅकअपबद्दल मी अवाक्षरही लिहिलं नव्हतं. आमची हार्डडिस्क एकदा गेली, तेव्हा छापून ठेवलेल्या यादीनं वाचवलं. दर महिन्याला एक प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि दर सहामाहीला एक कागदावर.

आता बांधणीचं. पैसे एकाच कामापुरते असतील तर आधी बांधणीच करून घ्या, यात माझं दुमत नाही. फक्त सगळी पुस्तकं एकदम बांधून होणार नाहीत, निवड करावीच लागेल. म्हणून यादीत सहावा रकाना ठेवा: पुस्तक किती वेळा घरी गेलं. मुलं ज्यांच्यासाठी रांग लावतात, ती आधी बांधायला पाठवा.